जमिनीची नोटीस आली की आधी हे करा

रस्त्यासाठी जमीन जाणार म्हटलं की आमच्याकडं सगळे सातबाऱ्यासाठी पळतात. मी सांगते, आधी आसपासच्या जमिनींची मागच्या 3 वर्षांतली खरेदीखतं काढा. 2013 च्या भूसंपादन कायद्यात जमिनीचा दर ठरवताना त्यातल्या चढ्या भावाच्या निम्म्या खतांची सरासरी धरतात. त्यावर गुणक, म्हणजे दर ज्यानं गुणतात तो सरकारी आकडा, शिवाय 100 टक्के दिलासा रक्कम, म्हणजे मोबदल्याइतकेच आणखी पैसे. विहीर, आंबा, पाइपलाइन पंचनाम्यात आल्याशिवाय सही करू नका. दर पटला नाही तर हरकत नोंदवूनच पैसे उचला.

आणि वाटेकरी, शेतमजूर? मालक शहरात प्लॉट घेतो, मजुराची रोजीच बुडते. दरी इथंच रुंदावते. 3 वर्षं त्याच शेतांवर पोट असेल, तर तेही बाधित कुटुंबच. बाधितांच्या यादीत नाव घालायचा अर्ज रेशनकार्ड जोडून द्या, पोच घ्या. नोकरी, एकरकमी 5 लाख किंवा 20 वर्षं दरमहा किमान 2000 रुपये, यातलं एक कायद्यानं मिळतं.