पावसाळी प्रदर्शनातली काचपेटी कोरडी ठेवायची तर

मुंबईत जून ते सप्टेंबर बंद पेटीतही दमट हवा शिरते. जुने फोटो, गिरणीचे पास, रेशनकार्डं यांवर बुरशी धरते. दोन-तीन महिन्यांच्या प्रदर्शनाला सिलिका जेल (हवेतला ओलावा शोषणारे दाणे) पुरतं, पण मोजून. चिमूटभर पुड्यांनी काही होत नाही.

1. प्रमाण: घनमीटरला साधारण 20 किलो. म्हणजे 60×45×30 सेंमीच्या पेटीला सुमारे 1.6 किलो.

2. रंग न बदलणारं पांढरं जेल घ्या. आर्द्रता 50-55 टक्के असलेल्या एसी खोलीत ट्रेमध्ये पातळ पसरा आणि रोज हलवा. वजन वाढायचं थांबलं की जेल तयार. याला आठवडा-दोन आठवडे लागतात, तेव्हा उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आठवण होऊन उपयोग नाही.

3. पेटीत खोटा तळ करून त्याखाली सुती पिशव्यांत पसरा. कडेने 1 सेंमी फट सोडा, नाहीतर वरच्या हवेला जेल असून नसल्यासारखं.

4. दाराच्या कडांना फोमपट्टी लावा. पेटी गळकी असेल तर जेल वाया जातं.

5. आत छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) ठेवा. आकडा 60 टक्के ओलांडू लागला की पिशव्या बदला. स्वस्त यंत्र आधी तपासा: बाटलीच्या झाकणात ओलसर मीठ, ते आणि यंत्र एकाच झिपच्या पिशवीत बंद, आठ तासांनी 75च्या आसपास दाखवलं पाहिजे.

वापरलेलं जेल 110-120 अंशांवर तीन-चार तास सुकवता येतं, मात्र ते तसंच पेटीत घालू नका. कोरड्या जेलने हवा फार सुकते आणि फोटो गुंडाळी होऊन वळतात. क्रमांक 2 पुन्हा करा.