मुलांच्या स्वस्त लॅपटॉपमधलं नको ते सॉफ्टवेअर काढताना या चुका टाळा

विंडोज ११ चालायला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज लागतं. शाळेसाठी घेतलेले बरेच स्वस्त लॅपटॉप नेमके या काठावरचे असतात. त्यात ट्रायलचा अँटिव्हायरस, गेम आणि जाहिरातींची ॲप्स आधीच भरलेली असली, की नवं मशीनही रखडतं. हा पसारा काढायलाच हवा. पण लॅपटॉप बिघडतो तो बहुतेक वेळा या पसाऱ्यामुळे नाही, तर तो काढताना केलेल्या घाईमुळे.

सगळ्यात साधी चूक म्हणजे डेस्कटॉपवरचा आयकॉन डिलीट करून काम झालं असं समजणं. आयकॉन हा फक्त शॉर्टकट असतो. प्रोग्राम फाइल्समधलं फोल्डर हाताने उडवणं तर त्याहून वाईट, कारण प्रोग्राम अर्धवट उरतो आणि नंतर नीट अनइन्स्टॉलही होत नाही. सेटिंग्ज, मग ॲप्स, मग इन्स्टॉल्ड ॲप्स, हाच सरळ रस्ता.

क्लीनर आणि स्क्रिप्ट

‘पीसी फास्ट करा’ म्हणणारं मोफत क्लीनर टाकू नका. एक नको असलेलं सॉफ्टवेअर काढायला तुम्ही दुसरं आणत असता. सीक्लीनरसारख्या नावाजलेल्या प्रोग्रामच्या एका आवृत्तीतही २०१७ मध्ये मालवेअर घुसवलं गेलं होतं आणि ती आवृत्ती लाखो लोकांनी उतरवली होती. व्हिडिओत दाखवलेली पॉवरशेल स्क्रिप्ट, म्हणजे विंडोजला एकदम द्यायच्या आज्ञांची यादी, ॲडमिन म्हणून चालवणंही तितकंच धोक्याचं. अशा स्क्रिप्ट कधी कधी मायक्रोसॉफ्ट स्टोअरच उडवतात, आणि मग शाळेने सांगितलेलं ॲप टाकायची सोय राहत नाही.

नाव अनोळखी म्हणून काढणं

रिअलटेक, इंटेल, सिनॅप्टिक्स, एलान ही नावं दिसली तर हात लावू नका. आवाज, ग्राफिक्स आणि टचपॅड यांच्यावर चालतात. व्हिज्युअल सी++ च्या चार-पाच नोंदी आणि वेबव्ह्यू२ सुद्धा राहू द्या, दुसरी ॲप्स त्यांच्यावर उभी असतात.

ऑफिसच्या बाबतीत बिल आणि खोका आधी पाहा. आपल्याकडे काही लॅपटॉपसोबत ऑफिस ‘होम’ची (२०२४ च्या आधीच्या आवृत्त्यांत ‘होम अँड स्टुडंट’ची) कायमची प्रत येते, काहींत मायक्रोसॉफ्ट ३६५ चं फक्त ट्रायल असतं. पालक दोन्ही एकच समजून काढतात आणि पैसे भरलेली प्रत वाया जाऊ शकते. कायमची असेल तर आधी पालकांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर ॲक्टिव्हेट करून घ्या.

अँटिव्हायरस काढायची भीती

ट्रायल संपला तरी ‘मुलं नेटवर असतात’ म्हणून अनेकजण तो तसाच ठेवतात. मुदत संपलेला अँटिव्हायरस रॅम खातो, मुलांसमोर घाबरवणाऱ्या खिडक्या उघडतो आणि एखादं मूल त्यावर क्लिकही करतं. तो काढून लॅपटॉप रिस्टार्ट केला की मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आपोआप सुरू होतो. विंडोज सिक्युरिटी उघडून तशी खात्री करा. अनइन्स्टॉल मध्येच अडकलं तर मॅकॅफीसारख्या कंपन्यांची स्वतःची काढण्याची टूल असतात. ती कंपनीच्याच साइटवरून घ्या. लॅपटॉप एस मोडमध्ये असेल, म्हणजे फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच ॲप्स चालू देत असेल, तर मात्र ती चालणार नाहीत.

अनइन्स्टॉल झालं म्हणजे सगळं गेलं, असंही नेहमी नसतं. २०१४-१५ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर आधीच भरलेलं होतं. ते काढलं तरी त्याने टाकलेलं रूट सर्टिफिकेट, म्हणजे कुठली साइट खरी मानायची हे लॅपटॉपला सांगणारं प्रमाणपत्र, मागे राहत होतं, आणि सुरक्षेचा खरा धोका तिथेच होता. म्हणून काढून झाल्यावर डिफेंडरने एक पूर्ण स्कॅन करा.

मुलाचं अकाउंट विसरणं

या चुकीवर पालक सगळ्यात जास्त वैतागतात. आई-बाबा आपल्या अकाउंटमधून गेम काढतात, मूल आपल्या अकाउंटने लॉगिन करतं आणि गेम हजर! स्टोअरमधली ॲप्स सेटिंग्जमधून काढली तर ती फक्त त्याच अकाउंटपुरती जातात. नवं अकाउंट उघडलं की विंडोज ती तिथे पुन्हा मांडतं. त्यामुळे मुलाच्या अकाउंटमध्ये शिरून पुन्हा एकदा काढा. ते अकाउंट स्टँडर्ड ठेवा, ॲडमिन नको, म्हणजे तुमच्या पासवर्डशिवाय बहुतेक मोठे प्रोग्राम बसणार नाहीत.

सगळं काढूनही कोपऱ्यात ‘व्हायरस सापडला’ असं येत असेल, तर आधी ब्राउझर तपासा. बहुतेकदा मुलाने कुठल्या तरी साइटवर ‘अलाऊ’ दाबलेलं असतं. क्रोम किंवा एजच्या साइट सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशन्समध्ये जाऊन ती साइट काढा. वेग वाढत नसेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि स्टार्टअप ॲप्समधलं नको ते बंद करा. रॅम ४ जीबीच असेल तर त्यापुढे फार अपेक्षा ठेवू नका. मुलाला एका वेळी दोन-तीनच टॅब उघडायला सांगा, त्याने खरंच फरक पडतो.

घाईने रिसेट

‘रिसेट धिस पीसी’ केलं की कंपनीने भरलेली ॲप्स बऱ्याचदा पुन्हा येतात. अगदी कोरं विंडोज हवं असेल तर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल आणि किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. त्यात डिस्कवरचं सगळं जातं, म्हणून मुलाच्या वह्या-प्रकल्पांच्या फाइल आधी दुसरीकडे ठेवा. कंपनीच्या साइटवरून वायफायचा ड्रायव्हरही पेनड्राइव्हवर घ्या, नाहीतर नवं विंडोज कधी कधी नेटलाच जोडलं जात नाही. आणि दोन्हींपैकी काहीही करण्याआधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधली बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या.