तेल वाढलं, तरी पैसे का गेले? कच्च्या तेलावरचा सौदा नीट कसा करावा

कच्चं तेल वाढणार हा अंदाज बरोबर यावा आणि तरीही खात्यात तोटा दिसावा, हे या बाजारात सर्रास घडतं. कारण बहुतेक वेळा एकच असतं. आपण तेल घेतलंय असं माणसाला वाटत असतं, प्रत्यक्षात त्याने घेतलेला असतो एका ठरावीक महिन्याचा वायदा, म्हणजे त्या महिन्यात ठरल्या भावाने तेल घेण्याचा करार. हा फरक ज्याला हाताळता येतो, त्यानेच तेलात उतरावं. खातं उघडणं, मार्जिन (सौद्यासाठी ठेवायची अनामत) भरणं, ऑर्डर टाकणं यावर इथे शब्द खर्च करत नाही.

पायरी १: बचाव की सट्टा, हे आधी लिहून काढा

एका कागदावर दोन रकाने करा. पहिल्यात तेल महागल्यावर मार खाणारी गुंतवणूक लिहा: विमान कंपन्या, रंग, टायर, प्लास्टिक, मालवाहतूक यांचे शेअर आणि दीर्घ मुदतीचे रोखे. रोखे यासाठी की तेलामुळे महागाई चढली तर व्याजदर चढतात आणि जुन्या रोख्यांचे भाव पडतात. बदलत्या व्याजदराचं कर्ज असेल तर तेही याच रकान्यात. दुसऱ्या रकान्यात तेलाबरोबर वाढणारी गुंतवणूक लिहा, म्हणजे मुख्यतः तेल उत्पादक कंपन्या. इंडेक्स फंड असतील तर त्यांच्या आतल्या कंपन्याही वाटून लिहा, नाहीतर चित्र अर्धवट राहतं.

दोन रकान्यांतली तफावत हाच तुमचा खरा धोका. तेवढ्यापुरता केलेला सौदा म्हणजे बचाव, त्याच्या वरचा प्रत्येक पैसा सट्टा. दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवा. तेल पडलं की बचावाच्या सौद्यात तोटा होणारच, कारण तेव्हा उरलेली गुंतवणूक सावरत असते. तो तोटा भरून काढायला सौदा दुप्पट केलात की बचाव तिथेच संपला.

बचावाचं प्रमाण बेताचं ठेवा. तेलाचे शेअर मिळून एकूण गुंतवणुकीच्या ५ टक्क्यांपर्यंत असले तर बहुतेकांना पुरे. सहा महिन्यांच्या खर्चाची रोकड आणि नजीकच्या गरजेचे पैसे यात मुळीच आणू नका. दीर्घ मुदतीच्या रोख्यांचा काही भाग अल्प मुदतीच्या किंवा महागाईशी जोडलेल्या रोख्यांत हलवला, तर वायद्याला हात न लावताही बराच बचाव होतो. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून लोक टाळतात. करा.

पायरी २: साधन निवडा

उत्पादक कंपन्यांचे शेअर सर्वांत सोपे, पण ते तेलाच्या पावलावर पाऊल टाकत नाहीत. कंपनीने पुढचं उत्पादन आधीच ठरल्या भावाने विकलेलं असू शकतं, किंवा सरकार अचानक जादा नफ्यावर कर लावू शकतं. ब्रिटनने मे २०२२ मध्ये लावला. शुद्धीकरण कंपनीला तेल कंपनी समजून घेऊ नका. ती कच्च्या तेलाची गिऱ्हाईक आहे. तिचा नफा कच्चं तेल आणि पेट्रोल-डिझेल यांच्या भावांतल्या फरकावर ठरतो, कच्चं तेल वाढलं म्हणून तो वाढेलच असं नाही.

तेलाच्या रोजच्या चढउताराच्या दुप्पट-तिप्पट परतावा सांगणारे फंड महिनाभर धरून ठेवायचे नसतात. तेल १० टक्के वाढून पुन्हा मूळ भावावर आलं तर साध्या गुंतवणुकीत फरक शून्य. दुप्पट फंडात १०० चे आधी १२० होतात, मग त्यातले १८.१८ टक्के (तेल ११० वरून १०० ला येणं म्हणजे ९.०९ टक्के, त्याच्या दुप्पट) जाऊन उरतात सुमारे ९८.२. तेल जागच्या जागी, तुमचे जवळपास दोन टक्के गेले. चढउतार जितके जास्त, तितकी ही झीज जास्त.

राहिले वायदे, वायद्यांवर चालणारे साधे फंड आणि ऑप्शन, म्हणजे ठरल्या भावाने घेण्याचा किंवा विकण्याचा विकत घेतलेला हक्क. पुढची पायरी या तिघांनाही लागू आहे.

पायरी ३: महिन्यांचे भाव वाचा

बातमीत दिसणारा तेलाचा भाव बहुतेक वेळा सर्वांत जवळच्या महिन्याच्या वायद्याचा असतो. तो वायदा संपायच्या आत विकून पुढच्या महिन्याचा घ्यावा लागतो. यालाच रोलओव्हर म्हणतात. फंडात ते काम फंडवाले करतात, म्हणून तुम्हाला दिसत नाही, पण खर्च तुमच्याच माथी असतो.

समजा जवळचा महिना ७० डॉलर आणि पुढचा ७१.५० आहे. पुढचे महिने असे महाग असले की त्या स्थितीला कॉन्टँगो म्हणतात. तुम्ही ७० ला विकता आणि ७१.५० ला घेता, म्हणजे त्याच पैशात पिंपं कमी येतात, सुमारे २.१ टक्क्यांनी. महिनाभराने ७१.५० चा वायदा सरकत सरकत ७० वर येतो आणि पुन्हा तीच अदलाबदल. असं १२ महिने चाललं आणि तेल वर्षभर ७० वरच राहिलं, तर तुमच्या १०० चे उरतात सुमारे ७७.५. नुसतं मुद्दल परत मिळायला तेल २९ टक्के वाढायला हवं. त्यावर फंडाची फी वेगळी.

उलट पुढचा महिना ६८.५० ला असेल तर ती बॅकवर्डेशन. तेल जागच्या जागी राहिलं तरी हीच अदलाबदल वर्षात सुमारे ३० टक्के मिळवून देते. म्हणून ठाम सांगतो: पहिल्या आणि दुसऱ्या महिन्यातला फरक न बघता तेलात लांबचा सौदा करू नका. वायद्यांची महिनावार यादी उघडा, पहिला, दुसरा आणि बारावा महिना लिहून घ्या. दुसरा महिना पहिल्यापेक्षा १ टक्क्याहून महाग असेल, तर जवळच्या महिन्यावर चालणारा फंड चार आठवड्यांपलीकडे धरू नका. तेजी लांबची वाटत असेल तर वायदाच लांबचा घ्या. तुमच्या अंदाजाला सहा महिने लागणार असतील तर आठ-नऊ महिन्यांपुढचा. लांबचा वायदा जवळच्याइतका उसळत नाही, पण दर महिन्याला पिंपं गळत नाहीत.

कॉन्टँगो का होतो हे समजलं की यादी आपोआप बोलू लागते. साठा भरपूर असला की आजचं तेल कुणालाच हवं नसतं. ते टाकीत ठेवायचं भाडं आणि अडकलेल्या पैशाचं व्याज पुढच्या महिन्यांच्या भावात चढतं. तेल खरोखर कमी पडत असेल तर आजच्या पिंपाला जास्त भाव मिळतो आणि बॅकवर्डेशन येते. टंचाईच्या बातम्या जोरात आणि यादीत मात्र ठळक कॉन्टँगो असेल, तर यादीवर विश्वास ठेवा.

आता तारीख. वायद्याच्या नावातला महिना हा तेलाच्या डिलिव्हरीचा असतो, सौदा संपण्याचा नव्हे. डब्ल्यूटीआयचा (अमेरिकी कच्च्या तेलाचा) जूनचा वायदा मेच्या २० तारखेच्या आसपास संपतो. ब्रेंटचा (उत्तर समुद्रातल्या तेलावर आधारलेला) डिसेंबरचा वायदा ऑक्टोबरच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशीच संपतो. ‘जूनचा आहे, अजून वेळ आहे’ या समजुतीत राहू नका. डब्ल्यूटीआयचं तेल अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातल्या कुशिंग गावच्या टाक्यांत प्रत्यक्ष उचलावं लागतं. ज्याच्याकडे टाकी नाही त्याला शेवटच्या दिवसांत मिळेल त्या भावाने विकावं लागतं.

२० एप्रिल २०२० ला नेमकं हेच झालं. मागणी कोसळलेली, कुशिंगमधली मोकळी जागा जवळपास सगळी आधीच कुणी ना कुणी धरून ठेवलेली आणि मेचा वायदा दुसऱ्याच दिवशी संपणार होता. आधीचा बंद भाव १८.२७ डॉलर होता, त्या दिवशीचा उणे ३७.६३. मोठ्या वायद्यात १,००० पिंपं असतात, म्हणजे एका वायद्यामागे एका दिवसात ५५,९०० डॉलरचा तोटा. त्याच दिवशी जूनचा वायदा २०.४३ ला बंद झाला. तेल तेच, फक्त महिना वेगळा.

म्हणून रोलओव्हर शेवटच्या तारखेआधी किमान सात-आठ कामकाजाचे दिवस उरकून टाका. जुना विकणं आणि नवा घेणं अशा दोन वेगळ्या ऑर्डर टाकू नका, मधल्या मिनिटांत भाव हलतो. दोन महिन्यांच्या फरकाची एकच स्प्रेड ऑर्डर टाका, आणि तीही मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) नको, लिमिट (ठरल्या भावाची मर्यादा) लावा. ‘अजून दोन दिवस थांबू, फरक कमी होईल’ हा सल्ला ऐकू नका. शेवटच्या दिवसांत सौदे आटतात आणि फरक हवा तसा फाटतो.

पायरी ४: किती घ्यायचं

मार्जिन किती लागतं यावरून आकार ठरवणं ही सर्वांत महाग चूक. आधी किती गमावलं तर चालेल ते ठरवा. २०,००० डॉलर भांडवलावर २ टक्के म्हणजे ४००. स्टॉपलॉस (तोटा ठरल्या मर्यादेला पोहोचला की सौदा मोडणारी ऑर्डर) ४ डॉलरवर ठेवायचा असेल तर १०० पिंपांच्या मायक्रो वायद्यात तोटा ४०० होतो. म्हणजे एक मायक्रो. मोठा वायदा १,००० पिंपांचा, त्याच हालचालीत तो ४,००० नेतो.

शनिवार-रविवारी स्टॉपलॉस चालत नाही. सौदी-रशियातली दरयुद्धाची फेरी सुरू झाली तेव्हा ९ मार्च २०२० ला बाजार उघडतानाच तेल सुमारे ३० टक्के खाली होतं. लावलेले सगळे स्टॉप तिथेच खाली भरले गेले. शुक्रवारी रात्री उघडा राहिलेला सौदा एवढाच असावा की २० टक्क्यांच्या धक्क्यातही इतर गुंतवणूक विकायची वेळ येऊ नये.

तोट्याला पक्की मर्यादा हवी असेल तर कॉल ऑप्शन (ठरल्या भावाने घेण्याचा हक्क) घ्या, पण मोठ्या बातमीनंतर नव्हे. तेव्हा प्रीमियम (ऑप्शनची किंमत) फुगलेला असतो आणि तेल वाढूनही ऑप्शन पडू शकतो. फुगलेल्या बाजारात घ्यायचाच असेल तर जोडी करा: ८० चा कॉल पिंपामागे ३ डॉलरला घेतला आणि ९० चा १ डॉलरला विकला, तर खर्च २. तोटा २ पेक्षा जास्त नाही, नफा जास्तीत जास्त ८, बरोबरी ८२ वर. ऑप्शन विकून प्रीमियम कमवण्याचा सल्ला नवख्याने मानू नये.

पायरी ५: बाहेर पडणं

घेतानाच विकण्याचे तीन भाव लिहा आणि प्रत्येकावर एक तृतीयांश काढा. युद्धाच्या बातमीवर तेल घेणारा माणूस सहसा उशिरा पोहोचतो. १७ जानेवारी १९९१ ला आखातात बॉम्बफेक सुरू झाल्यावर तेल एका दिवसात सुमारे एक तृतीयांशाने पडलं, कारण भीती आधीच भावात होती. सप्टेंबर २०१९ मध्ये सौदीच्या अबकैक तेलप्रक्रिया केंद्रावर हल्ला झाला, ब्रेंट जवळपास २० टक्के वर उघडलं आणि पंधरवड्यात जुन्या भावाला परतलं. मार्च २०२२ मध्ये ते १३९ डॉलरला टेकलं आणि सुमारे आठवडाभरात १०० खाली आलं.

सहसा दर बुधवारी, न्यूयॉर्कच्या वेळेनुसार सकाळी साडेदहाला, अमेरिकी ऊर्जा खात्याची साठ्याची आकडेवारी येते. त्या वेळेत नवी ऑर्डर टाकू नका. कुशिंगचा साठा सलग वाढू लागला आणि बॅकवर्डेशनचा फरक आकसून कॉन्टँगोत गेला, तर भाव अजून चढता दिसत असला तरी सट्ट्याचा भाग त्याच दिवशी काढून घ्या. बचावाच्या भागाला हात लावण्याआधी पायरी १ चा कागद काढून दोन्ही रकाने पुन्हा भरा.