अंदमान समुद्रातलं मिश्रण मोजताय? या चुका टाळा

सीटीडी म्हणजे समुद्रात खोल सोडून पाण्याची वाहकता (तिच्यावरून क्षारता), तापमान आणि खोली मोजणारं उपकरण. त्याच्या नोंदीतून उलथापालथ, म्हणजे पाणी घुसळून मिसळताना जड पाणी हलक्याच्या वर आलेली जागा, शोधायची समुद्रशास्त्रज्ञ थॉर्पची पद्धत सोपी आहे. पाणी हलक्यापासून जडापर्यंत रचायचं आणि रचताना प्रत्येक नमुना किती मीटर सरकला ते बघायचं. रचायचं मात्र घनतेनुसार, तापमानानुसार नव्हे. दरवर्षी हे सांगतो, तरी कुणीतरी नुसतं तापमान रचून येतंच.

मागे एक विद्यार्थी हिवाळ्यातल्या नोंदी घेऊन आला. वर गार पाणी, खाली उबदार. म्हणजे मोठी उलथापालथ, असा त्याचा हिशोब; पोस्टरसुद्धा छापून तयार. म्हटलं, बाबा रे, क्षारता कुठाय? आलेख लावला तर वर इरावतीच्या गोड्या पाण्याचा थर. ते पाणी गार असूनही हलकंच होतं, त्यामुळे सगळं जागच्या जागी स्थिर. या पद्धतीत ऊर्जेचा ऱ्हासदर, म्हणजे घुसळणीची ऊर्जा विरण्याचा वेग, नमुने सरकल्याच्या लांबीच्या वर्गावर ठरतो. लांबी दुपटीने चुकली की तो चौपट चुकतो. इथे तर मुळात उलथापालथच नव्हती.

क्षारता घेतली म्हणूनही सुटका नाही. तापमान आणि वाहकता मोजणारे सेन्सर एकाच क्षणी प्रतिसाद देत नाहीत, म्हणून थर्मोक्लाइनपाशी (खोलीबरोबर तापमान झपाट्याने बदलतं त्या थरापाशी) क्षारतेत खोटे काटे उठतात. तो फरक आधी जुळवा. तापमान आणि क्षारता दोन्हींत दिसत नाही ती उलथापालथ मी सरळ खोडतो. थोड्या खऱ्याही जातात, जाऊ देत.

दुसरी आवडती चूक: रोज ठरल्या वेळी एकच कास्ट, म्हणजे सीटीडी खाली सोडून वर घ्यायची एकच फेरी. मुख्य चांद्र भरतीचा आवर्तकाळ 12.42 तासांचा. चोवीस तासांनी एकदा मोजलंत तर तीच 14.77 दिवसांची संथ लाट होऊन दिसते, आणि उधाण-भांगेचं चक्रही तेवढंच असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. त्यात या समुद्रातल्या एकाकी अंतर्गत लाटा (पृष्ठभागावर नव्हे, पाण्याच्या आतल्या थरांतून धावणाऱ्या) थर्मोक्लाइनला काही मिनिटांत कित्येक मीटर खाली दाबतात. कास्ट नेमकी त्या वेळची निघाली तर? एका जागी 25 तास थांबा, तासातासाला कास्ट घ्या. ‘जहाजाचा वेळ महाग आहे’ हे मलाही ठाऊक आहे. चार ठिकाणं कमी करा.

वर येतानाच्या नोंदी उलथापालथीसाठी वापरू नका, रोझेटने, म्हणजे सीटीडीसोबतच्या नमुना-बाटल्यांच्या चौकटीने, ते पाणी आधीच ढवळलेलं असतं. उपग्रहचित्रात अंतर्गत लाटांचे पट्टे दिसले म्हणजे मिश्रण तिथेच, असंही नाही. लाट फुटते बऱ्याचदा पुढे, उथळ पाण्यात. ऱ्हासदराच्या नोंदींतले मोठे आकडे ‘चुकार’ म्हणून काढू नका, सरासरी बहुतेक त्यांच्यावरच उभी असते. आणि ऱ्हासदरावरून मिश्रण काढताना लावतात तो 0.2 चा मिश्रण-गुणांक! समुद्रशास्त्रज्ञ ऑस्बर्नने 1980 मध्ये तो कमाल मर्यादा म्हणून सुचवला होता. वापरायचा तर वापरा, पण तक्त्याखाली तसं लिहा.