लिनक्सवर नको असलेले अपग्रेड: रिपॉझिटरी सांभाळताना या चुका टाळा

सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील लहान कारखाने, पिंपळगाव बसवंत परिसरातील द्राक्षांची पॅकहाउस आणि नाशिक शहरातील महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळा, या सगळ्या ठिकाणी लिनक्सची यंत्रे आता नवलाईची राहिलेली नाहीत. ती सांभाळणाऱ्याकडे येणारी तक्रार मात्र बहुधा एकाच साच्यातली असते. काल संध्याकाळपर्यंत सगळे व्यवस्थित चालू होते, आज सकाळी यंत्र सुरू केले तर प्रणालीचे रूपच वेगळे दिसते, नाहीतर बिलिंगचा प्रोग्राम डेटाबेसशी जोडलाच जात नाही. ‘आम्ही कशालाही हात लावलेला नाही’ हे त्यासोबत सांगितले जाते आणि बहुतेक वेळा ते खरेही असते, कारण यंत्र बसवताना रिपॉझिटरीच्या (जिथून प्रोग्राम आणि त्यांचे अपडेट येतात त्या संग्रहांच्या) यादीत लिहिलेली एखादी ढिली ओळ कित्येक महिन्यांनी आपला परिणाम दाखवत असते. पॅकेज व्यवस्थापक, म्हणजे प्रोग्रामची पॅकेजे बसवणारे आणि अपडेट करणारे साधन, स्वतःच्या मनाने काही आणत नाही; यादीने जेवढी मुभा दिली आहे तेवढेच तो आणतो. त्यामुळे सगळे अपडेट बंद करून टाकण्यापेक्षा ती मुभा नेमकी करणे हाच खरा उपाय आहे. (पुढे कमांड आणि फाइलींची नावे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर ती मूळ रोमन अक्षरांतच टाकावीत.)

यादीत कोडनावाऐवजी ‘स्टेबल’ लिहिणे

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या यंत्रांवर सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. ‘स्टेबल’ हे कोणत्याही एका आवृत्तीचे नाव नाही; त्या वेळी जी आवृत्ती स्थिर म्हणून जाहीर झालेली असेल तिच्याकडे ते बोट दाखवते. जून २०२३ मध्ये डेबियन १२, म्हणजे बुकवर्म, प्रसिद्ध झाली आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सी, आली. ज्यांच्या सोर्सेस-लिस्टमध्ये (रिपॉझिटरींच्या यादीच्या फाइलीत) ‘बुकवर्म’ हे कोडनाव लिहिले होते त्यांच्यासाठी त्या दिवशी काहीच बदलले नाही. ज्यांनी ‘स्टेबल’ लिहिले होते त्यांच्या यंत्राने पुढच्या अपडेटच्या वेळी शेकडो पॅकेजे नव्या आवृत्तीची म्हणून दाखवायला सुरुवात केली. त्यातच कोणी नेहमीच्या सवयीने ‘ॲप्ट अपग्रेड’ (ॲप्ट हा डेबियन व उबंटूचा पॅकेज व्यवस्थापक) चालवले असेल तर स्थिती अधिक अवघड होते, कारण ही कमांड जुने पॅकेज काढून टाकत नाही. जिथे काढण्याची गरज असते तिथे ती थांबते, आणि यंत्र अर्धे बुकवर्म व अर्धे ट्रिक्सी होऊन बसते. पूर्ण आवृत्तीबदलासाठी ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’ असते आणि तो बदल प्रकाशन-टिपा वाचून, ठरवून करायचा असतो.

म्हणून यादीतील प्रत्येक ओळीत कोडनावच लिहावे. येथे ‘प्रत्येक’ या शब्दावर भर देण्याचे कारण असे की मुख्य ओळ बदलली जाते, पण सुरक्षा-अपडेटची ओळ तशीच राहून जाते. डेबियन ११ पासून त्या ओळीची रचनाही बदलली आहे. पूर्वी ‘बस्टर/अपडेट्स’ असे लिहीत, आता ‘बुलसाय-सिक्युरिटी’, ‘बुकवर्म-सिक्युरिटी’ असे लिहावे लागते. पुढे येणाऱ्या आवृत्तीकडे बोट दाखवणाऱ्या ‘टेस्टिंग’ शब्दाचीही हीच गत आहे. नवी आवृत्ती येण्याआधी काही महिने हौसेने बसवलेले यंत्र त्या शब्दामुळे कधीच एका आवृत्तीवर स्थिरावत नाही.

कोडनाव लिहिलेले असले तरी नवी आवृत्ती आल्यावर ॲप्ट एक सूचना देते, की या रिपॉझिटरीचे स्थान ‘स्टेबल’वरून ‘ओल्डस्टेबल’ झाले आहे आणि ते मान्य करावे. ही सूचना पाहून अनेकजण घाबरून ओळच बदलतात, म्हणजे जे टाळायचे तेच करून बसतात. ते फक्त लेबल बदलल्याची नोंद आहे. होकार दिल्याने आवृत्ती बदलत नाही.

एका नव्या पॅकेजसाठी पुढच्या आवृत्तीची ओळ घालणे

एखाद्या प्रोग्रामची नवी आवृत्ती हवी असते आणि ती ट्रिक्सीत उपलब्ध दिसते, म्हणून बुकवर्मच्या यादीत ट्रिक्सीची एक ओळ जोडली जाते. बुकवर्ममध्ये मूलभूत सी लायब्ररी, म्हणजे ग्लिबसी, २.३६ आहे, तर ट्रिक्सीत ती २.४१ आहे. नवे पॅकेज नवी ग्लिबसी मागते, तिच्यासोबत तिच्यावर अवलंबून असलेली पॅकेजे ओढली जातात, आणि पुढच्या अपग्रेडच्या वेळी दोन्ही रिपॉझिटरींचे वजन सारखे असल्यामुळे जिथे आवृत्ती-क्रमांक मोठा तिथून सगळे यायला लागते. यासाठी बॅकपोर्ट्सची, म्हणजे निवडक नवी पॅकेजे जुन्या आवृत्तीसाठी तयार करून देणाऱ्या रिपॉझिटरीची, सोय आहे आणि ती मुद्दाम सुरक्षित ठेवलेली आहे: तिथले पॅकेज तुम्ही नाव घेऊन मागितल्याशिवाय येत नाही.

पिनिंगचे आकडे न समजता लिहिणे

ॲप्टमध्ये प्रत्येक आवृत्तीला एक प्राधान्यक्रम असतो; तो हाताने ठरवून देणे म्हणजे पिनिंग. बसवलेल्या पॅकेजला १००, साध्या रिपॉझिटरीला ५००, आणि लक्ष्य म्हणून ठरवलेल्या आवृत्तीला ९९० मिळतात. बॅकपोर्ट्सना १०० दिले जातात, म्हणूनच ते आपोआप बसत नाहीत. १००० पेक्षा मोठा आकडा दिला तर ॲप्ट जुन्या आवृत्तीकडे परत जाण्याचीही परवानगी समजते, आणि ऋण आकडा दिला तर ती आवृत्ती बसवलीच जात नाही. ‘नक्की लागू व्हावे’ म्हणून सरसकट १००१ लिहिण्याची पद्धत दिसते, ती धोक्याची आहे. एखाद्या रिपॉझिटरीतील सगळ्या पॅकेजेसना असे प्राधान्य दिले की यंत्रावरील नवी पॅकेजे गुपचूप मागे जाऊ शकतात.

एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट तासन्‌तास खाते. प्रेफरन्सेस-डी या फोल्डरमधील फाइलीला एकतर शेपटी नसावी किंवा ती ‘.प्रेफ’ असावी. ‘.कॉन्फ’ किंवा ‘.टीएक्सटी’ अशी शेपटी असलेली फाइल ॲप्ट वाचत नाही, आणि नियम अगदी बरोबर लिहूनही पिन लागू होत नाही. आपला नियम लागू झाला की नाही हे ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी’ आणि पुढे पॅकेजचे नाव टाकून पाहावे. कोणती आवृत्ती बसलेली आहे, कोणती येऊ घातली आहे आणि कोणत्या रिपॉझिटरीला किती वजन आहे, हे सगळे तिथे दिसते. अपग्रेडपूर्वी ही एक कमांड चालवण्याची सवय लावली तर या लेखातील निम्मे प्रसंग उद्भवणार नाहीत, असे माझे मत आहे.

रॉकी, अल्मा यांसारख्या रेड हॅट कुळातील यंत्रांवर काम करताना लक्षात ठेवावे की डीएनएफ या तिथल्या पॅकेज व्यवस्थापकात हेच आकडे उलटे चालतात. तिथे मूळ प्राधान्य ९९ असते आणि लहान आकडा वरचढ ठरतो. दोन्ही प्रकारची यंत्रे सांभाळणाऱ्याच्या हातून इथे घोटाळा होतो.

बाहेरच्या रिपॉझिटरीतून बिनआकड्याचे पॅकेज बसवणे

या चुकीवर थोडे थांबावेसे वाटते, कारण प्रत्यक्ष कामकाज बंद पाडणारे प्रसंग बहुतेक इथून निघतात. पोस्टग्रेस डेटाबेसच्या अधिकृत ॲप्ट रिपॉझिटरीत ‘पोस्टग्रेस्क्यूएल’ नावाचे एक आवरण-पॅकेज असते आणि ते नेहमी सर्वांत नव्या मुख्य आवृत्तीकडे नेते. समजा, एखाद्या पॅकहाउसच्या सर्व्हरवर पेट्यांच्या नोंदी आवृत्ती १५ मध्ये आहेत आणि बसवताना हे आवरण-पॅकेज वापरले गेले. नवी मुख्य आवृत्ती आली की साध्या अपग्रेडमध्ये तिचा सर्व्हरही बसतो. जुना डेटाबेस पोर्ट ५४३२ वर तसाच चालू राहतो आणि नवा, रिकामा डेटाबेस ५४३३ वर सुरू होतो. माहिती कुठेही गेलेली नसते, परंतु दोन डेटाबेस दिसल्यावर ‘जास्तीचा’ म्हणून त्यातला एक घाईने काढला जातो आणि कधीकधी तो खरा असतो. अशा वेळी ‘पीजी-एलएसक्लस्टर्स’ चालवून कोणती आवृत्ती कोणत्या पोर्टवर आणि कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते आधी लिहून घ्यावे. मुळात ‘पोस्टग्रेस्क्यूएल-१५’ असे आकड्यासह पॅकेज बसवले असते तर त्या आवृत्तीचे किरकोळ दुरुस्ती-अपडेट मिळत राहिले असते आणि मुख्य आवृत्ती हललीच नसती.

पीएचपीच्या अनेक आवृत्त्या एकत्र देणाऱ्या पीपीए (उबंटूसाठी बाहेरच्यांनी चालवलेल्या) रिपॉझिटरीत असाच अनुभव येतो, पण तिथली लक्षणे जास्त फसवी असतात. ‘पीएचपी’ असे नुसते पॅकेज बसवलेले असेल तर पुढे नवी आवृत्ती येते. संकेतस्थळ जुन्या आवृत्तीवर चालू राहते, मात्र कमांड-ओळीवरील पीएचपी आपोआप सर्वांत वरच्या आवृत्तीकडे वळते. दिवसभर सगळे ठीक आणि रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीने) चालणारे अहवाल तेवढे बंद, असे दिसले तर प्रथम ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ने पीएचपी कुठे वळले आहे ते पाहावे.

स्वयंचलित अपडेटची वेळ न पाहणे, किंवा ते मुळातूनच बंद करणे

उबंटूवर ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ मूळ मांडणीत सुरक्षा-दुरुस्त्या लावते, पुढच्या आवृत्तीवर नेत नाही. तरी दोष त्याच्यावर येतो आणि ते काढून टाकले जाते. मग इंटरनेटला जोडलेले यंत्र वर्षभर दुरुस्तीविना राहते. त्याऐवजी संवेदनशील पॅकेजेसची नावे त्याच्या वगळण्याच्या यादीत घालावीत.

खरी अडचण वेळेची असते. हे काम करणारा टायमर सकाळी ६ वाजता, त्यात तासाभरापर्यंतचा यादृच्छिक विलंब धरून, चालतो. यंत्र त्या वेळी बंद असेल तर ते सुरू होताच राहिलेले काम हाती घेतो. कारखान्यातील संगणक रात्री बंद असतात, त्यामुळे पहिली पाळी येऊन बटण दाबते तेव्हाच अपडेट सुरू होते, यंत्र मंद चालते, आणि कोणीतरी मुख्य स्विचवरून ते बंद करतो. अर्धवट बसलेली पॅकेजे नंतर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवून पूर्ण करावी लागतात. टायमरची वेळ दुपारच्या जेवणाच्या सुट्टीवर नेली की हा त्रास थांबतो.

उबंटूच्या पुढच्या एलटीएस (दीर्घकाळ पाठिंबा मिळणाऱ्या) आवृत्तीचे निमंत्रण ही वेगळी बाब आहे. २२.०४ वापरणाऱ्यांना २४.०४ चे निमंत्रण ऑगस्ट २०२४ मध्ये २४.०४.१ आल्यानंतर दिसू लागले. ते आपोआप होत नाही, पण पडद्यावर बटण दिसले की ते दाबणारा भेटतोच. अपडेट-मॅनेजरच्या ‘रिलीज-अपग्रेड्स’ फाइलीत ‘प्रॉम्प्ट’ची किंमत ‘नेव्हर’ केली की निमंत्रण येत नाही. असे अपग्रेड होऊन गेलेच असेल तर बाहेरच्या रिपॉझिटरींच्या नोंदी त्या प्रक्रियेत बंद केलेल्या असतात हे विसरू नये.

होल्ड चुकीच्या पॅकेजवर लावणे

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलू नये म्हणून चालू कर्नलच्या आकडे असलेल्या नावावर ‘ॲप्ट-मार्क होल्ड’, म्हणजे पॅकेज आहे त्या आवृत्तीवर रोखणारी खूण, लावले जाते. नवा कर्नल मात्र नव्या नावाचे स्वतंत्र पॅकेज म्हणून येतो आणि त्याला आणणारे आवरण-पॅकेज मोकळेच असते. डेबियनवर ‘लिनक्स-इमेज-एएमडी६४’ आणि उबंटूवर ‘लिनक्स-जेनेरिक’ किंवा त्याचे एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठी नवे कर्नल देणारे) रूप रोखावे लागते. उबंटू डेस्कटॉपवर सहसा एचडब्ल्यूई मालिकाच असते आणि ती २२.०४ च्या आयुष्यात ५.१५ पासून ६.८ पर्यंत गेली. यंत्राला जोडलेल्या खास कार्डाचा ड्रायव्हर ५.१५ वरच चालत असेल तर मूळ मालिकेवर यावे, दर वेळी होल्डशी झगडू नये. लावलेले होल्ड ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’मध्ये दिसतात. वर्षानुवर्षे विसरलेला होल्ड ही सुरक्षेतील भगदाडच असते.

उबंटूवरील फायरफॉक्स २२.०४ पासून स्नॅप या ॲप्टहून वेगळ्या पॅकेज-स्वरूपात येतो आणि स्नॅपला ॲप्टचा होल्ड लागू होत नाही. स्नॅप दिवसातून चार वेळा अपडेट तपासतो; त्यासाठी ‘स्नॅप रिफ्रेश --होल्ड’ आहे. डीएनएफवर ‘व्हर्जनलॉक’ प्लगइन वापरावे. रॉकी आणि अल्मावर ९ लिहिलेली रिपॉझिटरी ९ मालिकेतील ताज्या उपआवृत्तीवर नेते, हेही लक्षात घ्यावे.

घडून गेल्यावर काय पाहावे

सुरुवात अंदाजाने न करता नोंदींपासून करावी. व्हार-लॉग-ॲप्टमधील ‘हिस्टरी.लॉग’मध्ये प्रत्येक व्यवहाराची वेळ, चाललेली कमांड आणि जुन्या-नव्या आवृत्त्या दिलेल्या असतात. कमांडच्या जागी ‘अनअटेंडेड-अपग्रेड’ दिसले तर तो टायमर होता, नाहीतर तो कोणीतरी माणूस होता. डीएनएफवर हेच ‘डीएनएफ हिस्टरी’ दाखवते, आणि मोजक्या पॅकेजेसचा व्यवहार ‘अनडू’ने मागेही घेता येतो. कर्नलपुरती अडचण असेल तर ग्रबच्या (यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या मेनूच्या) प्रगत पर्यायांतून जुना कर्नल निवडून काम चालू करावे आणि मगच पुढची चौकशी करावी. एखादे पॅकेज मागे न्यायचे असेल तर नावापुढे बरोबरीचे चिन्ह देऊन आवृत्ती लिहावी. जुनी फाइल व्हार-कॅशमध्ये किंवा डेबियनच्या स्नॅपशॉट संग्रहात मिळू शकते.

संपूर्ण आवृत्ती बदललेली असेल तर मात्र मागे जाण्याचा खटाटोप करू नये, कारण डेबियन खालच्या आवृत्तीवर परतण्याला पाठिंबा देत नाही. डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) आणि प्रणालीची मांडणी असलेले ईटीसी फोल्डर बाजूला घेऊन प्रणाली नव्याने बसवणे, किंवा अर्धवट राहिलेला बदल पुढे नेऊन पूर्ण करणे, यांतून निवड करावी. द्राक्षांचा हंगाम, म्हणजे साधारण जानेवारी ते एप्रिल, चालू असेल तर पॅकहाउससाठी पहिला मार्ग बरा, कारण त्याला किती वेळ लागेल हे आधी सांगता येते. अर्धवट अपग्रेड पूर्ण होताना काय अडेल हे सांगता येत नाही. खरड छाटणी उरकून पॅकहाउस बंद झाले की मे महिन्यात ठरवून केलेल्या आवृत्तीबदलाला भरपूर मोकळीक असते, आणि होल्डची यादीही तेव्हाच तपासून घ्यावी.