मार्च ते जून : न्यू जर्सीतल्या शाळांसाठी घरची तयारी

सप्टेंबरात मूल कुठल्या वर्गात बसणार, कुठल्या बसने जाणार आणि गणित कुठल्या पातळीचं घेणार, हे न्यू जर्सीच्या उपनगरांत मार्च ते जूनमध्येच ठरून जातं. एडिसन, प्लेन्सबरो, पार्सिपनी, प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टच्या (गावच्या सरकारी शाळांचा कारभार बघणाऱ्या संस्थेच्या) तारखा थोड्या वेगळ्या, पण कामांचा क्रम जवळपास सारखाच. ज्या कागदासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागतं, तो आधी हातात घ्या: डॉक्टरांची सही, घरमालकाचं पत्र, भारतातून मागवायचं लसीकरणाचं कार्ड. ऑनलाइन फॉर्म एका संध्याकाळी भरून होतात. डॉक्टरांची अपॉइंटमेंट ऑगस्टमध्ये मागून मिळत नाही.

किंडरगार्टनची नोंदणी बहुतेक ठिकाणी हिवाळा सरता सरता सुरू होते. १ ऑक्टोबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण हवीत, असा बऱ्याच डिस्ट्रिक्टचा नियम आहे. ती तारीख स्थानिक बोर्ड ठरवतं, तेव्हा आपल्या डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर बघून घ्या. भारतात लसी झालेल्या मुलांचा सगळ्यात जास्त खोळंबा इथे होतो. लसी वेळेवर झालेल्या असतात, पण कार्ड इथल्या नियमात बसत नाही.

पहिली अडचण तारखेची. आपल्या कार्डावरचं ०५/०३/२०२१ म्हणजे ५ मार्च, पण शाळेची नर्स ते ३ मे असं वाचते. मग दोन डोसांमधलं अंतर कमी भरतं आणि कार्ड परत येतं. कार्डाच्या प्रतीसोबत एका कागदावर प्रत्येक लस आणि तिची तारीख, महिन्याचं नाव अक्षरात लिहून द्या. इथल्या डॉक्टरांना मूळ कार्ड दाखवून त्या कागदावर त्यांची सही घ्या.

दुसरी अडचण गोवराची. भारताच्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यात देतात. न्यू जर्सीत पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला डोस मोजलाच जात नाही. गोवराचे दोन डोस लागतात, म्हणजे सरकारी दवाखान्यात नऊ आणि सोळा महिन्यांना लस झालेल्या मुलाचा इथे एकच डोस धरला जातो. शिवाय त्या लसीत गालगुंडाचा भाग नसतो आणि शाळेला तोही हवा असतो. इथे एमएमआरचा (गोवर, गालगुंड, रुबेलाची एकत्र लस) एक डोस दिला की दोन्ही गोष्टी भरून निघतात. खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे पंधराव्या महिन्यात आणि चार-पाच वर्षांचं असताना एमएमआर झालं असेल, तर ते दोन्ही डोस धरले जातात.

तिसरी अडचण पोलिओची. भारतात एप्रिल २०१६ पासून तोंडाने द्यायचे थेंब दोन प्रकारच्या विषाणूंचे झाले. अमेरिकेत तीन प्रकारांचेच थेंब ग्राह्य धरतात, त्यामुळे १ एप्रिल २०१६ नंतरचा ‘ओपीव्ही’ इथे हिशेबात येत नाही. इंजेक्शनचे डोस कार्डावर वेगळे दाखवलेले आहेत का, ते बघा. नसतील आणि ते दिले गेले असतील, तर भारतातल्या डॉक्टरांकडून तसं लिहून आणा. घटसर्प-धनुर्वात-डांग्या खोकल्याच्या लसीचे चार डोस हवेत आणि त्यातला एक चौथ्या वाढदिवसानंतरचा, किंवा मग कुठलेही पाच. आपल्याकडे दुसरा बूस्टर पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान देतात. पाच वर्षं होताच शाळेत जाणाऱ्या मुलाचा तो बूस्टर नेमका राहून जातो. कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाही; ती झाली नसेल तर इथे घ्यावीच लागते.

या सगळ्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. भारतासारख्या देशातून नुकत्याच आलेल्या मुलासाठी टीबीची चाचणी मागितली जाऊ शकते. बीसीजी घेतलेल्या मुलाची त्वचेवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येण्याचा संभव असतो, म्हणून डॉक्टरांकडे रक्ताची आयजीआरए चाचणी मागा. बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. एमएमआर आणि कांजिण्यांच्या लसी मात्र टीबीच्या चाचणीचा निकाल काही आठवडे बिघडवू शकतात. चाचणीसाठी रक्त लसीच्याच दिवशी द्या, नाहीतर निदान चार आठवडे थांबा. या दोन जिवंत लसी एकाच दिवशी घेतल्या नाहीत तर त्यांच्यातही २८ दिवसांचं अंतर लागतं. जूनमध्ये सुरुवात केली तर हे सगळं निवांत बसतं. ऑगस्टच्या अखेरीला सुरुवात केली तर शाळेचा पहिला दिवस हातचा जातो. परदेशातून आलेल्या मुलाला जुने कागद जमवायला ३० दिवसांची सवलत आहे, पण ती कागदांसाठी आहे, न घेतलेल्या लसींसाठी नाही. सहावीत जाणाऱ्यांना टीडॅप (धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याचा बूस्टर) आणि मेनिंगोकॉकल (मेंदूज्वराची लस) यांचा एकेक डोस लागतो. त्याची नोटीस वसंतात येते आणि बरेच पालक ती न उघडताच पुढे जातात.

रहिवासाच्या पुराव्यासाठी घराचा करार किंवा खरेदीखत, वीज-गॅसचं अलीकडचं बिल आणि पालकाचं ओळखपत्र काढून ठेवा. नातेवाइकांकडे राहत असाल तर त्यांचं आणि तुमचं, अशी दोन शपथपत्रं लागतात आणि ती नोटरीकडून करून घ्यायची असतात. एक गोष्ट ठामपणे माहीत असू द्या: प्रवेशाची अट म्हणून डिस्ट्रिक्टला तुमचा व्हिसा, सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयकराचे कागद मागता येत नाहीत. अपवाद फक्त एफ-१ व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याचा. इमिग्रेशनच्या कागदांअभावी मुलाला शिक्षण नाकारता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच स्पष्ट केलं आहे. कुणी मागितलेच तर नियम नम्रपणे दाखवा. बहुतेक वेळा तो जुना फॉर्म तसाच वापरात राहिलेला असतो.

मुलाचं नाव पासपोर्टावर आहे तसंच लिहा. वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून एका फॉर्मवर घातलं आणि दुसऱ्यावर गाळलं, की पुढे एपीचे (हायस्कूलमध्ये द्यायच्या कॉलेज-पातळीच्या परीक्षांचे) निकाल, ट्रान्सक्रिप्ट आणि कॉलेजचा अर्ज यांचा मेळ बसत नाही. घरी कुठली भाषा बोलता, या प्रश्नाला खरं उत्तर द्या. ‘मराठी’ लिहिलं तर मुलाचं इंग्रजी तपासलं जाऊ शकतं, एवढंच. मदतीच्या वर्गासाठी निवड झाली आणि तुम्हाला तो नको असेल, तर लेखी नकार द्यायचा हक्क पालकांना आहे. घरात मराठी असताना ‘इंग्रजी’ लिहिलं आणि मुलाला खरंच मदत लागणार असली, तर ती मिळायला उगाच महिने जातात.

आता भारताच्या तिकिटांविषयी. राज्याच्या नियमाप्रमाणे वर्षाला १८० दिवस शाळा भरावी लागते. बर्फाच्या सुट्ट्यांसाठी कॅलेंडरमध्ये काही दिवस राखून ठेवलेले असतात. त्याहून जास्त बर्फ पडला तर ते दिवस वसंताच्या सुट्टीतून कापतात, नाहीतर जूनमध्ये वाढवतात. कमी पडला तर मे अखेरच्या मेमोरियल डेच्या आसपास एक-दोन दिवस परत मिळतात. हे फेरफार मार्चनंतर पक्के होतात. कॅलेंडरवरच्या शेवटच्या दिवसाच्या दुसऱ्याच सकाळचं विमान हिवाळ्यात बुक करू नका, मध्ये चार-पाच दिवस सोडा. लग्नकार्यासाठी आठवडाभर आधी निघायचा मोह होतो, पण १० टक्के, म्हणजे १८० पैकी १८ दिवस गैरहजेरी झाली की मूल ‘क्रॉनिकली अ‍ॅब्सेंट’ धरलं जातं आणि प्रवासाचे दिवसही त्यात मोजले जातात. गुढीपाडव्याला शाळा चालूच असते. राज्याच्या धार्मिक सणांच्या यादीत त्या वर्षी तो आहे का, ते बघून आदल्या दिवशी लेखी चिठ्ठी द्या. यादीतल्या सणाला घेतलेल्या सुट्टीमुळे मुलाचं हजेरीचं बक्षीस जात नाही.

परीक्षांचा मोसम मार्चमध्ये अकरावीच्या एनजेजीपीएने सुरू होतो. हायस्कूल पूर्ण झाल्याचा डिप्लोमा मिळण्यासाठीची ती राज्याची परीक्षा असल्यामुळे त्या आठवड्यात दातांचे, डोळ्यांचे डॉक्टर नकोत. नापास झालं तरी एसएटीसारखे पर्यायी मार्ग आहेत, घाबरायचं कारण नाही. एप्रिल अखेरपासून तिसरी ते नववीची एनजेएसएलए, म्हणजे राज्याची वार्षिक परीक्षा: इंग्रजी आणि गणित सगळ्यांना, विज्ञान पाचवी, आठवी आणि अकरावीला. लहान मुलांना यासाठी क्लास लावायची गरज नाही. राज्याने खुल्या ठेवलेल्या सराव-चाचणीवर तासभर बसवा. गणिताचं उत्तर पडद्यावरच्या चौकटीत कसं भरायचं आणि अपूर्णांक कसा टाइप करायचा, तेवढंच अडतं.

मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत एपी. २०२५ पासून बहुतेक एपी परीक्षा ब्लूबुक अ‍ॅपवर होतात, काही पूर्ण तिथेच, काहींत लेखी भाग कागदावर. अ‍ॅप आधी टाकून ‘एक्झाम सेटअप’ काही दिवस अगोदर करून ठेवा. यंत्र रात्री पूर्ण चार्ज करा आणि चार्जर दप्तरात ठेवा. शेवटी नेट गेलं तर उत्तरं त्याच यंत्रात साठलेली असतात. यंत्र न बदलता नेट जोडून ती पाठवावी लागतात.

अकरावीच्या मराठी मुलांसाठी वसंतातलं आणखी एक काम आहे, आणि ते मनापासून करावं. न्यू जर्सीत २०१६ पासून ‘सील ऑफ बायलिटरसी’ (इंग्रजीसोबत आणखी एक भाषा लिहिता-बोलता येते याची हायस्कूलची पावती) आहे आणि स्टॅम्प नावाच्या भाषाचाचणीत मराठीचाही पर्याय आहे. वर्ल्ड लँग्वेज विभागाला आताच विचारा की आपलं डिस्ट्रिक्ट ती केव्हा घेतं. घरी सुरेख बोलणारी मुलं लिहिताना अडतात, तेव्हा उन्हाळ्यात देवनागरी टाइप करायचा सराव हवा. आठवड्यातून एकदा आजीला पाच-सहा ओळींचा मेसेज मराठीत, देवनागरीत आणि स्वतःच्या बोटांनी, ही उत्तम तयारी होते.

विषयनिवड हिवाळ्यात होऊन गेलेली असते, पण गणिताच्या पातळीवरचा निर्णय एप्रिल-मेपर्यंत येतो. शिक्षकांची शिफारस पटली नाही तर फेरविचाराचा फॉर्म असतो आणि त्याची मुदत छोटी असते. उन्हाळ्यात बाहेर जिऑमेट्री करून एक वर्ष पुढे जायचं असेल, तर तो कोर्स डिस्ट्रिक्टची लेखी मंजुरी मिळाल्यावरच सुरू करा. नाहीतर पैसे भरूनही मुलाला तो पुन्हा करावा लागतो. आमचं स्पष्ट मत असं की अल्जेब्रा कच्चं असेल तर पुढे ढकलू नये. ते प्रीकॅल्क्युलसमध्ये उघडं पडतं आणि तेव्हा मागे यायला जागा नसते.

मुलाला वाचन, लक्ष किंवा बोलण्यात अडचण दिसत असेल, तर चाइल्ड स्टडी टीमकडे (डिस्ट्रिक्टच्या तज्ज्ञांच्या गटाकडे) मूल्यमापनाची विनंती लेखी करा. पेरेंट-टीचर मीटिंगमध्ये बोलून घड्याळ चालू होत नाही. पत्र पोचल्यापासून २० दिवसांत बैठक व्हावी लागते. त्यातून शाळेच्या सुट्ट्या वगळतात, पण उन्हाळी सुट्टी वगळत नाहीत, त्यामुळे जूनमधलं पत्रही वाया जात नाही. तुम्ही संमतीची सही केल्यापासून ९० दिवसांत मूल्यमापन पूर्ण होऊन गरज असल्यास आयईपी (त्या मुलासाठी आखलेला खास शिक्षण-आराखडा) लागू व्हायला हवा. पत्रावर तारीख घाला, ईमेलने पाठवा आणि प्रत जपा. आपल्याकडे ‘लोक काय म्हणतील’ म्हणून हे पत्र वर्षभर लांबतं, आणि तेवढं वर्ष मूल वर्गात एकटं झगडतं.

बजेटकडेही लक्ष हवं. तात्पुरतं बजेट मार्चमध्ये मंजूर होतं, जाहीर सुनावणी एप्रिल अखेर ते मेच्या सुरुवातीला असते. घरपट्टीतल्या शाळेच्या वाट्याची वाढ काही अपवाद सोडता २ टक्क्यांवर रोखलेली आहे, म्हणून खर्च वाढला की कात्री लागते ती जवळच्या मुलांच्या बसला, ऑर्केस्ट्राला, वर्गातल्या मदतनिसांना. मतदान नागरिकांनाच, पण सभेत बोलायला व्हिसा आड येत नाही. वेळ साधारण तीन मिनिटं मिळते. एकच मुद्दा, बजेटमधली नेमकी ओळ आणि तुमची मागणी, एवढंच लिहून न्या.

बसचा नियम असा: आठवीपर्यंत दोन मैलांहून आणि त्यापुढे अडीच मैलांहून लांब राहणाऱ्यांना मोफत. जवळच्यांसाठी पैसे भरून मिळणाऱ्या जागा मर्यादित असतात आणि अर्ज वसंतातच निघतो. उन्हाळ्याच्या तोंडावर आजी-आजोबा येणार असतील तर ते यायच्या आधी शाळेच्या पोर्टलवर, मुलाला न्यायची परवानगी असलेल्यांच्या यादीत, त्यांची नावं घाला, पासपोर्टावरचीच, आणि शाळेत आणायला जाताना ओळखपत्र खिशात ठेवायला सांगा. नाव यादीत नसेल तर ऑफिस मूल सोपवत नाही, आणि ते बरोबरच आहे.

शरद ऋतूतल्या खेळांचा सराव ऑगस्टमध्ये सुरू होतो. शारीरिक तपासणी सरावाच्या पहिल्या दिवसापासून मागच्या ३६५ दिवसांतली हवी, आणि ती ९० दिवसांहून जुनी असेल तर आरोग्याची माहिती नव्याने भरायची. उन्हाळ्यात पगारी काम करायचं असेल तर वर्किंग पेपर (अल्पवयीन मुलांचे कामाच्या परवानगीचे कागद) २०२३ पासून राज्याच्या वेबसाइटवर होतात. एच-४ वरच्या (पालकाच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या) मुलांना मात्र पगारी काम चालत नाही, त्यांनी ग्रंथालयात स्वयंसेवा बघावी.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात शाळेने दिलेला क्रोमबुक लॅपटॉप चार्जरसकट परत द्या, कारण हरवलेल्या चार्जरचे पैसे वेगळे लागतात. नर्सकडे ठेवलेलं एपिपेन, इनहेलर पालकाने स्वतः आणायचं असतं. राहिलं तर ते टाकून देतात. पुढच्या वर्षाचा औषधाचा फॉर्म त्याच वेळी मागून घ्या, म्हणजे उन्हाळ्यातल्या तपासणीत डॉक्टरांची सही होऊन जाते.