डिक्कीतली लेन्स: छंदावर खर्च करताना या चुका टाळा

गेल्या दिवाळीच्या आधी मी कॅमेऱ्याच्या लेन्सचं पार्सल घरी न मागवता ऑफिसच्या पत्त्यावर मागवलं. खोका तिथेच टाकला, लेन्स जुन्या टॉवेलात गुंडाळून स्कूटरच्या डिक्कीत ठेवली आणि घरी सांगायला बरी वेळ कधी येते याची वाट बघत बसलो. ती वेळ यायच्या आतच बायको तीच स्कूटर घेऊन गोकुळपेठ बाजारात गेली. परत आल्यावर तिनं ओट्यावर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी ठेवली, शेजारी टॉवेलातली लेन्स ठेवली आणि विचारलं, "अहो, सांबार दहाला मिळाला. ही जुडी केवढ्याची?"

मी सांगितलेला आकडा खऱ्या किमतीच्या निम्मा होता. खरा आकडा जानेवारीत क्रेडिट कार्डाच्या बिलानं सांगितला.

मी जंगलात फोटो काढतो. नागपुरात राहून हा नाद न लागणं कठीण. पेंचचं सिल्लारी गेट सत्तरेक किलोमीटरवर, उमरेड-कऱ्हांडला त्याहून जवळ, ताडोब्याच्या सकाळच्या सफारीला रात्री निघून पोचता येतं, आणि काहीच जमलं नाही तर गोरेवाडा शहरातच आहे. सगळं इतकं हाताशी असल्यामुळे खिसा केव्हा रिकामा झाला ते कळतच नाही. खालच्या बहुतेक चुका माझ्या स्वतःच्या आहेत, एक बहिणीची आणि एक मित्राची.

छंदाला महिन्याच्या बजेटात कोंबणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहितो. "पगार झाला की छंदासाठी दोन हजार बाजूला काढायचे" हा सल्ला ऐकायला बरा वाटतो. पण किराणा दर महिन्याला लागतो, छंद तसा लागत नाही. त्याला हंगाम असतो.

ताडोब्याचा कोअर, म्हणजे आतला, भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद. हिवाळ्यात तलावांवर तलवार बदकं उतरतात, तेव्हा खर्च काय तर पेट्रोल आणि परतीच्या वाटेवर तर्री पोहे. खरा खर्च एप्रिल-मेमध्ये. जंगलातलं पाणी आटतं, जनावर पाणवठ्यावर येतं, आणि ज्याच्याकडे कॅमेरा आहे तो प्रत्येक जण सफारीची जिप्सी गाडी शोधत असतो.

आता घराकडे बघा. त्याच एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो, कूलर दिवसरात्र गरगरतो, बेडरूममधला एसी वेगळा. विजेचं बिल वर्षातलं सगळ्यात मोठं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटाला उघडतात, म्हणजे वह्या-पुस्तकं, गणवेश, स्कूलबस हे सगळं त्याच्या पाठोपाठ. वाघ आणि विजेचं बिल आमच्याकडे एकाच पंधरवड्यात पाणवठ्यावर येतात.

महिन्याला दोन हजारांच्या पद्धतीत काय होतं? जुलै ते सप्टेंबर पैसे खर्चायला जागा नसते, म्हणून हात शिवशिवतात. मी एका पावसाळ्यात दुसरा ट्रायपॉड, तिसरी बॅग आणि मानेला न टोचणारा पट्टा घेतला. तो पट्टा आजही टोचतो. आणि मे उजाडला तेव्हा छंदाच्या खात्यात शून्य, मग कार्ड.

उपाय साधा आहे, पण त्याला एक रविवार द्यावा लागतो. बँकेचं मागच्या एप्रिलपासून मार्चपर्यंतचं स्टेटमेंट काढा, यूपीआयचा इतिहास उघडा आणि छंदाची प्रत्येक नोंद पेननं खुणवा. गेटवरच्या चहापासून मेमरी कार्डापर्यंत. माझा अंदाज वीस हजारांचा होता. बेरीज त्याच्या दुपटीच्या वर गेली. ही बेरीज जोडीदारासमोर करा. आमच्याकडे ती झाली तेव्हा पाच मिनिटं फक्त पंख्याचा आवाज येत होता.

मग पुढच्या वर्षाचा एकच आकडा ठरवा. मी २७ हजार ठरवला आणि बँकेत नऊ महिन्यांची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक हप्ता भरायची ठेव, काढली: जुलै ते मार्च, महिन्याला ३,०००. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, इथे ती कामाची नाही, बँकेची कमी मुदतीची घ्यायची. हप्ते मार्चमध्ये संपतात, एप्रिलमध्ये पैसे हातात येतात, म्हणजे ऐन हंगामात. एप्रिल, मे, जून या तीन महिन्यांत हप्ताच नसल्यामुळे बिलाला आणि शाळेला पगार मोकळा राहतो. कुणाला पतंगांचा नाद असेल तर त्यानं याच हिशोबानं संक्रांत धरून उलटं मोजावं.

सफारीपुरतं एक सांगतो. मोठा खर्च गाडीचा आणि गाइडचा, तो माणशी नसून गाडीमागे असतो. सहा जणांच्या जिप्सीत तिघं गेलात तर प्रत्येकाच्या अंगावर दुप्पट पडतो. आधी माणसं जमवा, मग तारीख धरा. शनिवार-रविवारचे दर चढे असतात आणि मंगळवारी ताडोबा बंद, तेव्हा बुधवार-गुरुवारची एक रजा टाकणं परवडतं.

बिलावरची किंमत हीच किंमत समजणं

लेन्स घरात आली की मागून तिची वरात येते. दोन किलोचं वजन जुन्या ट्रायपॉडच्या डोक्याला पेलत नाही, नवीन डोकं आलं. फोटो जास्त निघू लागले, मेमरी कार्ड आलं, मग हार्ड डिस्क. मी आता पन्नास हजारांची वस्तू बघताना मनात पासष्ट धरतो आणि पासष्ट नसतील तर पन्नासचीही घेत नाही.

शिवाय सांभाळायचा खर्च. नागपूरचं ऊन सगळ्यांना माहीत आहे, पण लेन्सचा वैरी आमचा पावसाळा. माझी जुनी लेन्स जूनमध्ये बॅगेत गेली ती दसऱ्याला बाहेर निघाली. मागून मोबाईलचा टॉर्च मारून आत बघितलं तर काचेच्या कडेला पांढऱ्या, केसाएवढ्या बारीक रेघा, कोळ्यानं नुकतंच जाळं विणायला घेतल्यासारख्या. ती बुरशी. साफ करायला जे पैसे गेले त्यात उमरेडच्या दोन सफारी झाल्या असत्या. महागडं कपाट लागतंच असं नाही. घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या एवढ्यानं माझं काम भागतं. रंग बदलणारे दाणे घ्या, म्हणजे ओल धरल्यावर कळतं. ते मंद आचेवर तापवून परत वापरता येतात, पण त्यासाठी स्वयंपाकात न वापरायची जुनी कढई वेगळी ठेवा.

जुनी लेन्स विकत घ्यायची असेल तर हाच टॉर्च खिशात ठेवून जा. "भाऊ, एकदम कंडिशनमधे आहे" या वाक्यापेक्षा टॉर्चवर विश्वास ठेवा. आणि नव्या वस्तूवर बिल-वॉरंटीशिवाय कुणी मोठी सूट देत असेल तर ती सूट म्हणजे पुढच्या दुरुस्तीची उधारी आहे.

"नो कॉस्ट" हप्ता फुकट समजणं

शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. नाव बदललं, गणित तेच राहिलं. समजा ६०,००० ची लेन्स, महिन्याला ५,००० चे बारा हप्ते. बँकेचं व्याज १५ टक्के धरलं तर त्या साठ हजारांत साधारण ४,६०० रुपये व्याज बसलेलं असतं. तेवढी सूट सुरुवातीला दिली जाते, म्हणून रक्कम तुम्हाला सारखी दिसते. पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच माथी, म्हणजे आणखी ८३० च्या आसपास. प्रक्रिया शुल्क वेगळं. रोख घेतली असती तर दुकानदारानं काही सोडले असते, ते गेले ते निराळंच.

हजार-बाराशे रुपयांनी कुणी बुडत नाही, हे मान्य. तोटा दुसरीकडे आहे. पाच हजार ऐकायला साठ हजारांपेक्षा फार लहान वाटतात आणि हप्ता बारा महिने चालतो. मी ऑक्टोबरात घेतलेल्या वस्तूचा हप्ता पुढच्या मेमध्ये, त्या विजेच्या बिलाशेजारी, ठाण मांडून बसला होता.

कार्डाचं बिल अर्धवट भरणं मात्र सरळ खड्डा. ४०,००० थकले आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के असेल तर व्याज १,४००, त्यावर जीएसटी २५२, एकूण १,६५२. "किमान रक्कम" म्हणून तुम्ही पाच टक्के, म्हणजे २,००० भरले, तर मुद्दलातून कमी झाले ३४८. आणि थकबाकी असताना त्याच कार्डावर नवीन काही घेतलं तर त्याच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, ते पन्नास दिवसांचं बिनव्याजी सुख तेव्हा मिळत नाही. मी जानेवारीत याच खड्ड्यात होतो.

जाता जाता: फोटो सुधारायचं ॲप, क्लाउडवरची जागा, कसलं तरी ऑनलाइन मासिक. ठरावीक मुदतीनं कटणाऱ्या अशा पैशांना १५,००० पर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही. चोवीस तास आधी सूचना येते, ती आपण वाचत नाही. यूपीआय ॲपमधे ऑटोपेचा भाग उघडून बघा. माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी बंद केलंय असं वाटलेलं एक ॲप जिवंत सापडलं.

हौस आली म्हणून अवेळी घेणं

ही बहिणीची गोष्ट. तिला गच्चीवर बाग करायची हौस आली ती फेब्रुवारीत, कारण तेव्हा नर्सरीत सगळंच फुललेलं असतं. सतरा कुंड्या, माती, खत, रोपं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात स्लॅबवर पाय ठेवता येत नव्हता, आणि लग्नासाठी चार दिवस अमरावतीला जाऊन आली तर अकरा कुंड्यांत फक्त काड्या. आता ती जुलैत रोपं लावते, अर्धी शेजारणींकडून फांद्या आणून. आणि हिरवी जाळी मार्च लागायच्या आत बांधून होते.

"यातूनच पैसे काढू"

हे वाक्य आमच्या ग्रुपमधे कुणी ना कुणी दर हंगामात म्हणतो. "अबे, दोन लग्नं काढली की लेन्स फुकट!" माझ्या मित्रानं खरंच ऑर्डर घेतली. त्याच्याकडे होती ती वाघाची लांब पल्ल्याची लेन्स. मंगल कार्यालयात नवरीचा पूर्ण फोटो घ्यायचा तर त्याला जेवणाच्या पंगतीपर्यंत मागे जावं लागत होतं. शेवटी दुसरी लेन्स भाड्यानं आणली, फ्लॅश विकत घेतला, आणि नातेवाइकांचंच लग्न असल्यामुळे पैसे मागायची सोय नव्हती. कमाई व्हायची तर जरूर होऊ द्या, पण खात्यात जमा झाल्याशिवाय तिच्या भरवशावर एक रुपयाची खरेदी करू नका.

एकदम कुलूप लावणं

कार्डाच्या त्या बिलानंतर मी कॅमेरा कपाटात टाकला. तीन महिने काहीच नाही. चौथ्या महिन्यात, एका रात्री अकरा वाजता, मी मोबाईलवर ४,८०० ची दुर्बीण घेतली, जी मला नको होती. शून्याचं बजेट उपासासारखं असतं, सोडताना माणूस भलतंच खातो. बिनखर्चाचा भाग चालू ठेवायला हवा होता. अंबाझरीच्या बांधावर सकाळी सहाला जायला काही लागत नाही, आणि पावसाच्या तोंडावर नवरंग पक्षी शीळ घालू लागला की सेमिनरी हिल्सवर नुसतं कान देऊन उभं राहिलं तरी सकाळ वसूल होते.

आधीच घोळ झाला असेल तर

पहिलं, थकलेलं कार्ड वापरणं त्याच दिवशी थांबवा. ॲपमधे साठवलेला नंबरही काढा, नाहीतर रात्री अकरा वाजतातच. दुसरं, थकबाकी एकरकमी भरता येत नसेल तर बँकेकडे ती हप्त्यांत बदलून मागा. त्याचा दर कार्डाच्या चालू व्याजापेक्षा बराच कमी असतो. दर आणि शुल्क दोन्ही विचारून, लिहून घ्या. तिसरं, वस्तू विका, पण वर्षभरात हात न लावलेल्या आधी. माझ्याकडून दुसरा ट्रायपॉड, दोन बॅगा आणि दुर्बीण गेली. ती डिक्कीतली लेन्स विकायची नाही असं बायकोनंच सांगितलं. तिचं म्हणणं, आता एवढे पैसे गेलेच आहेत तर निदान वाघ तरी नीट दिसू द्या.

या जुलैत आरडी सुरू केली. अर्ज भरताना तिनंही स्वतःच्या नावानं एक काढली, महिन्याला ३,०००, नऊ महिने. कशासाठी ते सांगायला तयार नाही. मी हल्ली स्कूटरची डिक्की अधूनमधून उघडून बघतो.